मग घर कोण सांभाळणार? नर्सिंगला निघालेल्या बायकांचा एक जुना हिशोब

गेल्या महिन्यात एगैलाहून एक व्हॉइस नोट आली. चार मिनिटांची. मागे वॉशिंग मशीनचा आवाज, आणि बोलणारी मुद्दाम हळू आवाजात बोलतेय, कारण शेजारच्या खोलीत तिची सहा वर्षांची मुलगी झोपलीय. आपल्या पॉडकास्टची ही श्रोती. तिला विचारून, नाव न सांगता, तिची गोष्ट इथे लिहितेय.

एगैला कुवेतच्या दक्षिणेला, अहमदी गव्हर्नरेटमध्ये. एक्स्प्रेसवेच्या पलीकडे मंगफ, थोडं खाली फहाहील. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते, नवरा तेलाच्या कंत्राटी कंपनीत शिफ्टमध्ये. तिचं बारावी सायन्स झालं, मग लग्न, मग कुवेत. १२ जून २०२४ ला मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली, त्यात पन्नास माणसं गेली, त्यातली बहुतेक भारतीय. ते दिवस तिनं दवाखान्याच्या काउंटरवर फोन घेत काढले. ती म्हणते, ‘‘मला फक्त फोन उचलता येत होता. तेव्हा ठरवलं, नर्सिंग करायचं.’’

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. ती त्याची तयारी करतेय. ऑनलाइन क्लास भारतात संध्याकाळी सातला, म्हणजे कुवेतमध्ये साडेचार, म्हणजे ड्युटीच्या ऐन मध्यात. म्हणून रात्री भांडी झाली, डबे भरून झाले, लेक झोपली की रेकॉर्डिंग ऐकायचं. प्रवेश मिळाला तर ती कराडला सासूबाईंकडे येणार, मुलीला तिथल्या शाळेत घालणार आणि स्वतः कॉलेजच्या हॉस्टेलवर राहणार. शेवटी तिनं विचारलं, ‘‘सगळे म्हणतात, बॅलन्स करायला शिक. मला जमत नाही. माझ्यातच काही कमी आहे का? आणि नातेवाईक विचारतात, मग घर कोण सांभाळणार? याला काय उत्तर देऊ?’’

मी समुपदेशक नाही, इतिहासाची अभ्यासक आहे. पण हा प्रश्न इतका जुना आहे की उत्तर देण्यासाठी मला माझ्या विषयाबाहेर जावं लागत नाही.

अकरा ते पाच

१८८४ साली पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू झालं. आज आपण त्याला हुजूरपागा म्हणतो. शाळा चांगली चालली, आणि मग वाद पेटला. मुलींनी शिकावं की नाही, हा वाद तर होताच. पण त्यातला एक मोठा भाग चक्क वेळापत्रकाचा होता. शाळा अकरा ते पाच. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचं म्हणणं असं की एवढा वेळ मुलींना शाळेत अडकवू नये. सकाळचे किंवा संध्याकाळचे तीन तास पुरे, म्हणजे उरलेल्या वेळात घरकाम शिकता येईल, करता येईल.

हे वाचून आपल्याला हसू येतं. पण थोडं थांबा. ही टीका करणाऱ्यांना एक गोष्ट अगदी बरोबर कळली होती: बाईचं शिक्षण म्हणजे आधी तासांचा प्रश्न. मुलगी अकरा ते पाच शाळेत असेल तर अकरा ते पाच घरात दुसरं कुणीतरी राबणार. ते ‘दुसरं कुणीतरी’ कोण, हे ठरवायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून सोपा उपाय निघाला, तिनं दोन्ही करावं. थोडं शाळेचं, बाकी घरचं.

आज एगैलात रात्री अकरा वाजता रेकॉर्डिंग ऐकणारी बाई तोच उपाय राबवतेय. फरक एवढाच की त्याला आता ‘टाइम मॅनेजमेंट’ म्हणतात, आणि तो जमला नाही तर दोष तिच्या माथी येतो.

नर्सिंग स्कूल कुणासाठी बांधलं गेलं?

इतर शिक्षणापेक्षा नर्सिंगचं गणित आणखी अवघड, आणि त्याला कारण आहे. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावानं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगचं विद्यालय निघालं. तिथली रीत अशी: शिकणाऱ्या बायकांनी रुग्णालयाच्या आवारातच राहायचं, वॉर्डात काम करत शिकायचं, येण्याजाण्यावर वरिष्ठ सिस्टरची नजर. ही रीत जगभर पसरली. नर्सिंग स्कूल म्हणजे हॉस्टेल, गणवेश, नाइट ड्युटी हे समीकरण तिथून आलं. त्यामागे एक गृहीत होतं, की शिकणारीला घर नाही. म्हणजे ती अविवाहित आहे, मुलंबाळं नाहीत. कित्येक देशांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लग्न झालं की नर्सनं नोकरी सोडायची, असा नियम किंवा रिवाज होता. आई असलेली विद्यार्थिनी त्या इमारतीच्या नकाशातच नव्हती.

आता हा नकाशा मुंबईत आणून ठेवा. १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी, बायकांनी चालवलेलं. बाई काशीबाई गणपत हे नाव आपल्याकडच्या नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत येतं, १८९१ साली प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय बाई म्हणून. पाठ्यपुस्तकात तिच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. पण ते साल बघा. त्याच वर्षी संमतिवयाचा कायदा झाला. त्यानं संमतीचं वय दहावरून बारा वर्षांवर नेलं, आणि तेवढ्यावरून महाराष्ट्रात रान उठलं. ज्या समाजात बाराव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलींची लग्नं झालेली असत, तिथे नाइटिंगेलच्या नकाशातली ‘अविवाहित तरुणी’ आणायची कुठून?

उत्तर मिळालं: विधवा. नवरा नाही, म्हणजे संसार नाही, म्हणजे ती ‘मोकळी’. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय बायकांचं नर्सिंगचं शिक्षण फार मोठ्या प्रमाणात विधवांच्या खांद्यावर उभं राहिलं ते असं.

पण विधवा मोकळी असते, ही समजूतच खोटी होती. ज्या घरात ती राहायची त्या घराची चूल, पाणी, बाळंतिणी, आजारी माणसं हे सगळं तिच्याच हातात असे. काहींच्या पदरात मुलं असत. तिचं काम कुणी काम म्हणून मोजत नव्हतं एवढंच. ती शिकायला निघाली की मात्र घरच्यांना एकदम आठवायचं: मग घर कोण सांभाळणार?

पुण्याहून नागपूर

यातली एक गोष्ट तुम्हाला नावानं सांगते. गोदूबाई जोशी, कोकणातल्या देवरुखच्या. लहानपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. पुढे लोक त्यांना बाया कर्वे म्हणू लागले. या लग्नासाठी कर्व्यांच्या मुरुड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता.

शाळेच्या पुस्तकात आपण या दोघांना इथेच सोडतो: महर्षी कर्वे आणि त्यांच्या सहधर्मचारिणी. पण आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र वाचलंत तर एक वेगळीच बाई भेटते. कर्व्यांचा वेळ आणि पैसा संस्थेकडे वाहत होता आणि घरात ओढाताण होती, हे त्या लपवत नाहीत. आपल्या हातात स्वतःची काही विद्या असावी, कमाई असावी, असं त्यांना वाटत होतं. म्हणून लग्नानंतर, संसार मांडलेला असताना, त्या पुण्याहून नागपूरला गेल्या आणि सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलं.

नकाशावर पुणे आणि नागपूर बघा. आजही रेल्वेनं रात्रभराचा प्रवास आहे. एकोणिसावं शतक संपत आलेलं, बहिष्कृत घर, पहिल्या बायकोचा मुलगा रघुनाथ वाढत्या वयाचा, आणि घरची बाई दुसऱ्या शहरात शिकायला. यात मला जाणवतं ते हे: आनंदीबाईंनी ‘दोन्ही एकदम’ सांभाळलं नाही. काही काळ घर त्यांच्याशिवाय चाललं, आणि ते तसं चालणार हे आधी ठरलेलं होतं. आपण ज्याला समतोल म्हणतो तो त्यांच्या अंगी असलेला गुण नव्हता. ती घरातली तडजोड होती, आणि तडजोडीला दोन बाजू लागतात.

पुढे त्यांचा मुलगा शंकर डॉक्टर झाला आणि आफ्रिकेत, मोम्बासाला जाऊन स्थायिक झाला. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट आपण समजतो त्यापेक्षा जुनी आहे.

रमाबाईंनी इमारत बांधली

एका घरात झालेली तडजोड त्या घरापुरती. ती शेकडो घरांसाठी कशी करायची, याचं उत्तर पुढे मिळालं.

न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. रमाबाई रानडे तेव्हा चाळिशीच्या आतल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं आणि रमाबाईंना त्याच्या अध्यक्ष केलं. १९०९ मध्ये पुण्याचं सेवासदन सुरू झालं, रमाबाई आणि भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकारानं. सेवासदनच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या.

रमाबाईंसमोर दोन अडचणी होत्या. पहिली लाजेची. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे ‘चांगल्या घरच्या’ बाईनं करायचं म्हणजे घराण्याला बट्टा. दुसरी अडचण तासांची, तीच अकरा ते पाचची. पहिलीसाठी त्यांनी स्वतःचं नाव आणि रानड्यांच्या घराची प्रतिष्ठा पणाला लावली. दुसरीसाठी वसतिगृह. बाई शिकणार त्या काळात ती सासरी राहणारच नाही. तिच्या जेवणाची, राहण्याची, राखणीची जबाबदारी संस्था घेणार.

वसतिगृह हा शब्द आपल्याला कोरडा वाटतो. पण विचार करा, तो नेमकं काय करतो. तो बाईला सांगत नाही की जास्त लवकर उठ, जास्त नीट वेळ वाप. तो तिच्या पुढ्यात ताट ठेवतो. जे ताट एरवी तिनं दहा जणांपुढे ठेवलं असतं, ते दोन-तीन वर्षं कुणीतरी तिच्यापुढे ठेवतं. शिकायला लागणारी वर्षं अशी मिळतात.

ज्यांची नावं नाहीत

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी आतापर्यंत जी नावं घेतली त्यातली बहुतेक ब्राह्मण घरातली. त्यांची आत्मचरित्रं आहेत, संस्थांचे अहवाल आहेत, म्हणून आपल्याला त्यांचं बोलणं ऐकू येतं. पण रुग्णाला हात लावायचं काम त्यांनी सुरू केलं नाही. गावोगावच्या सुईणी पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी त्या जातींतल्या, ज्यांना बाळंतपण उरकलं की ओसरीवर चढू देत नसत. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. तिथे आणि इतर मिशन रुग्णालयांत शिकून नर्स झालेल्या मराठी ख्रिस्ती मुली होत्या, त्यातल्या अनेक दलित कुटुंबांतल्या. सोवळंओवळं मानणारा समाज जे काम हलकं समजत होता, ते त्यांनी शास्त्रशुद्ध शिकून उभं केलं. त्यांच्या लेकरांना कुणी सांभाळलं, हे आपल्याला कुठल्या अहवालात सापडत नाही.

या लाजेची किंमत देशानं मोजली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिशोब आहे: तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस सुमारे सात हजार, म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. केरळात ख्रिस्ती समाजानं हे शिक्षण लवकर आपलं मानलं. तिथल्या घरांनी मुलीच्या नर्सिंगमध्ये पैसा, वेळ आणि आजीचे हात गुंतवले. आज कुवेतच्या कुठल्याही रुग्णालयात नर्सेसच्या खोलीत मल्याळम ऐकू येतं, त्यामागे हा इतिहास आहे. मल्याळी बायकांना बॅलन्स उपजत येतो, असं काही नाही.

कुवेतच्या बाजूनं बघितलं तर

तुम्ही आखातात वाढला असाल तर कदाचित असं वाटत असेल की आपल्या लोकांचं इथलं येणं तेलापासून सुरू झालं. त्याआधीच कुवेतची मोती आणि खजुराची बाजारपेठ मुंबईला जोडलेली होती. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतच्या बाजारात रुपयाच चालायचा. पहिली महिला डॉक्टरही बाहेरूनच आली. अमेरिकन मिशनच्या डॉ. एलिनॉर कॅल्व्हर्ली १९१२ साली कुवेतला आल्या आणि बायकांसाठी दवाखाना चालवू लागल्या. त्याही संसार सांभाळून काम करणाऱ्या. १९४६ मध्ये तेलाची पहिली बोट निघाली, १९४९ मध्ये अमिरी हॉस्पिटल उघडलं, आणि मग रुग्णालयं वाढत गेली तशी नर्सेसची गरज वाढत गेली. आज कुवेतमध्ये सुमारे दहा लाख भारतीय आहेत.

पण या देशात कुटुंब ही आपसूक सोबत येणारी गोष्ट नाही. ते कागदावर मंजूर व्हावं लागतं. २०२४ च्या जानेवारीत कुवेतनं कुटुंबाचा व्हिसा पुन्हा सुरू केला तेव्हा पगाराची अट होती आठशे दिनार. म्हणजे कुणाची बायको, कुणाची मुलं सोबत राहणार हे पगाराच्या आकड्यावर ठरतं. त्याच एगैलात कितीतरी घरांत श्रीलंकेची, फिलिपिन्सची, आंध्रची बाई दुसऱ्यांची मुलं सांभाळते, आणि तिची स्वतःची मुलं गावी तिच्या आईकडे वाढतात. तिला कुणी विचारत नाही, तू बॅलन्स कसा करतेस. तिचं घर कोण सांभाळतं हा प्रश्न तिच्या मालकांच्या घरात उठतच नाही, कारण तो उठला तर त्यांचं घर थांबेल.

तर मग उत्तर काय?

एगैलाच्या मैत्रिणीला मी जे कळवलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण याच प्रश्नाच्या कुठल्या ना कुठल्या बाजूला उभे आहेत. कुणी स्वतः परीक्षेला बसतंय, कुणाची बायको, कुणाची वहिनी.

पहिलं, तुझ्यात काही कमी नाही. तू जिथे प्रवेश घेतेयस ते शिक्षण मुळात घर नसलेल्या बाईसाठी आखलेलं होतं. ती चौकट तुला आवळते याचा अर्थ तू बेढब आहेस असा होत नाही.

दुसरं, ‘मग घर कोण सांभाळणार’ हा टोमणा म्हणून विचारला जातो, पण तो खरा प्रश्न आहे. त्याला खऱ्या प्रश्नासारखं उत्तर दे. कागद घे आणि माणसं लिही. बीएस्सी चार वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. या वर्षांत मुलीला शाळेत कोण सोडणार, आजारी पडली तर रात्री कोण जागणार, सासूबाईंचे गुडघे दुखतात तर त्यांच्या मदतीला कोण. कुवेतमधला स्वयंपाक कोण करणार, हेही लिही. तिथे नवऱ्याचं नाव येऊ दे. आणि जी माणसं हे करणार त्यांना आधी विचार. गृहीत धरू नकोस. तुला इतकी वर्षं तसंच गृहीत धरलं गेलं, आणि आता तीच पाळी सासूबाईंवर यायला नको.

तिसरं, कॉलेज निवडताना फी आणि निकाल बघशील, तसंच हॉस्टेलचे नियमही बघ. सुटी किती, मुलीला भेटायला येऊ देतात का, आई असलेल्या विद्यार्थिनी आधी होत्या का. हे प्रश्न विचारायला लाजू नकोस. रमाबाईंनी वसतिगृह बांधलं तेव्हा याच प्रश्नांची उत्तरं विटांमध्ये दिली होती.

तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं, शुक्रवारी, सुटीच्या दिवशी. कागदावर नावं लिहिताना नवऱ्याशी बरंच वाजलं, असं ती म्हणाली. स्वयंपाकापुढे त्याचं नाव आलं ते त्याला रुचलं नाही. सासूबाईंना मात्र पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘मुलीला बघीन. पण संध्याकाळी दोन तास माझं भजन असतं, तेवढं धरून चाला.’’ त्या दोन तासांसमोरची जागा अजून रिकामी आहे. परीक्षेचा अर्ज तिनं भरलाय.

तुम्ही हे वाचून झाल्यावर एक करा. तुमच्या घरात जी कुणी पहिल्यांदा शिकली, नोकरीला गेली, परदेशात आली, ती आई असो, मावशी असो, आजी असो, तिला फोन करा आणि विचारा: तू गेलीस तेव्हा घर कोणी सांभाळलं? बहुतेक वेळा एखादं असं नाव निघेल जे तुम्ही आजवर ऐकलेलं नाही. ते लिहून ठेवा. आपल्या इतिहासाला ती नावं हवी आहेत.